पिवळ्या शिरांची भेंडी

साल १९२४. करूळ घाटाच्या पायथ्याशी, आज आपण जिला वैभववाडी म्हणतो तिथल्या एका परड्यात तुम्ही उभे आहात. सर नुकतीच ओसरलीय. समोरच्या भेंडीच्या पानांवर पिवळ्या शिरांचं जाळं, फळं फिकट नि आखूड. मुंबई इलाख्यात या रोगाची पहिली नोंद याच वर्षीची. घरची आजी त्यातल्या त्यात हिरवं झाड हेरते, त्यावरच्या चार भेंड्या जून व्हायला सोडते. "बऱ्या झाडाचाच बियाणां ठेवक होया," ती सुनेला बजावते. जून झाल्या की त्या भेंड्या चुलीवर धुरात टांगल्या जातील.

आजीची नजर पक्की. तरी पुढच्या पावसात या, शिरा पिवळ्याच दिसतील. निवडायलाही आधी वाफ्यात काही वेगळं असावं लागतं. तिच्या हिरव्या झाडाला या रोगाचा विषाणू आणणारी पांढरी माशी उशिरा भेटली, इतकंच. रोगाला दाद न देणारं जनुक तिथे नव्हतंच.

म्हणून घाट चढा नि अर्धं शतक ओलांडा. परभणी, मराठवाडा कृषी विद्यापीठ. संशोधक जांभळे आणि नेरकर यांच्या शेतात भेंडीची एक रानटी नातलग उभी आहे, अॅबेलमॉस्कस मॅनिहॉट. तिच्या लवदार फळाला बाजारात कोणी विचारणार नाही, पण शिरा हिरव्यागार. दिल्लीची 'पुसा सावनी' भेंडी एकेकाळी या रोगाला पुरून उरायची, आता हरलीय. दोघींचा संकर झाला, पहिली पिढी सगळी निरोगी. म्हणजे गुण प्रभावी. १९८१च्या त्यांच्या निबंधात तो एकाच जनुकाचा ठरला.

अडचण अशी की संकराला बी जेमतेम धरतं. मग त्याचा भेंडीशीच पुन्हा संकर. दरवेळी रानटी वाटा निम्म्याने घटतो, आणि साधारण निम्मी रोपं पिवळी पडतात. ती बेलाशक उपटा! इथे रोगच चाळणीचं काम करतो. उरलेल्यांतून कोवळी, लांब फळं देणारी झाडं पिढ्यान् पिढ्या निवडत १९८०च्या दशकाच्या मध्यावर 'परभणी क्रांती' हाती आली.

आता ते बी घेऊन घाट उतरा. वाण सरळ आहे, म्हणजे त्याचं बी घरी धरता येतं. मात्र मधमाशी शेजारच्या परड्यातले परागकण आणते, म्हणून बियाण्याच्या झाडावरची कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी टोकाशी दोऱ्याने बांधा. आणि विषाणूही बदलतो; काही वर्षांनी क्रांतीच्या पानांवरही पिवळी शीर दिसली, तर तेही झाड बियाण्याला ठेवू नका.