मावशीचा डावा हात आणि एक कोड

परवा काकांनी मेलवर मावशीच्या बिलांचे कागद पाठवले, "जरा बघ गं, काही कळतंय का?" म्हणून. मावशी न्यू जर्सीत असते. दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला आणि तिची डावी बाजू गेली.

एका कागदावर कोड होता: आय ६९.३५४. शोधून पाहिलं. मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यानंतर राहिलेला अर्धांगवायू, डावी बाजू, आणि ती मुख्य हाताची नव्हे!

अहो, आमची मावशी पक्की डावखुरी. डाव्या हाताने लिहिते म्हणून लहानपणी आजीचा मार खाल्लेली.

मग रात्रभर वाचत बसले. ही यादी मुळात मेलेल्यांसाठी होती. १८९३ साली शिकागोत झाक बेर्तियों या पॅरिसच्या संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांचं वर्गीकरण मांडलं. नंतरच्या एका आवृत्तीत 'कारण न दिलेला पक्षाघात' असाही एक आकडा होता. गेलेल्या माणसाचा हात कुठला, हे कोण विचारणार? १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती काढली, तेव्हा जिवंतांचे आजार त्यात आले.

स्ट्रोकचं बिऱ्हाड तर किती हललं! आधी तो मज्जासंस्थेच्या प्रकरणात होता. १९६५ च्या आठव्या आवृत्तीत रक्ताभिसरणाकडे गेला. २०१९ साली मान्य झालेल्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे पन्नासेक वर्षांनी, परत मज्जासंस्थेकडे. मेंदू तोच, बरं का.

अमेरिकेत मात्र २०१५ च्या ऑक्टोबरपासून दहावीच चालते, तिकडची वाढवलेली. तिच्यात मुख्य हात कोणता हे सांगावं लागतं. कागदात लिहिलं नसेल तर नियम सरळ आहे: उजवी बाजू गेली तर मुख्य, डावी गेली तर मुख्य नाही. दोन्ही हात सारखे चालणाऱ्याची जी बाजू गेली ती मुख्य. म्हणजे कोड लावणाऱ्याची चूक नाही. मावशीला कुणी विचारलंच नव्हतं! आणि आमच्यापैकी कुणाला सांगायचं सुचलं नव्हतं.

काकांना फोन केला. पुढच्या भेटीत त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी एक ओळ लिहिली, आणि शेवटच्या ४ चा २ झाला.

मावशी हल्ली उजव्या हाताने सही गिरवते. म्हणाली, "तुझी आजी असती तर खूश झाली असती."