बेलफास्टची तबकडी आणि मराठवाड्याची वही

"नामांतराच्या गाण्यांवर पीएचडी करतोयस, मग हे पंक रॉक मधेच कुठून आलं?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. उत्तर जरा लांब आहे, पण सांगतो.

फेब्रुवारी 1979 मध्ये बेलफास्टच्या 'स्टिफ लिटल फिंगर्स' या पंक बँडचा 'इनफ्लेमेबल मटेरियल' हा पहिला अल्बम आला. ही पोरं आधी दुसऱ्यांची गाणी वाजवायची. गॉर्डन ओगिल्वी नावाच्या पत्रकाराने त्यांना सांगितलं की स्वतःच्या शहरावर लिहा. शहरात तेव्हा बॉम्ब, लष्कराची गस्त आणि धर्मावरून वाटलेल्या गल्ल्या होत्या. 'रफ ट्रेड' या छोट्या स्वतंत्र कंपनीने काढलेला तो अल्बम ब्रिटनच्या यादीत 14व्या क्रमांकापर्यंत गेला.

आता त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं ते बघू. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. मुरुड तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, लातूर जिल्हा झाला 1982 मध्ये. त्यामुळे आपल्या भागाची त्या वर्षांची कागदपत्रं शोधायची तर लातूरच्या नावाखाली शोधून चालत नाही.

गाणी दोन्हीकडे झाली. मग बेलफास्टचा अल्बम आजही मिळतो आणि आपली गाणी का सापडत नाहीत?

पहिलं कारण साधं आहे. 1978 मध्ये तबकडी काढणं मोठ्या कंपनीच्या हातात होतं आणि वस्तीतल्या गायन पार्टीला तिथपर्यंत वाट नव्हती. कॅसेट स्वस्त झाली ती ऐंशीच्या दशकात. पण विकायच्या कॅसेटला दरवर्षी जयंतीला वाजेल असं गाणं हवं असतं. एका गावातल्या एका खुनाचं गाणं त्यात कसं बसणार? ते राहिलं गायकाच्या तोंडात आणि वहीत.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अल्बम एका तारखेला पुरा होतो. नामांतराचा लढा मात्र 14 जानेवारी 1994 च्या नामविस्तारापर्यंत, म्हणजे तब्बल सोळा वर्षं चालला. जलशाच्या परंपरेतलं गाणं गावागणिक बदलतं. चाल तीच ठेवून नवं कडवं जोडता येतं, नवं नाव घालता येतं. 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं, तेव्हा त्यांचं नाव जोडायला कुठल्या कंपनीची परवानगी लागत नव्हती.

म्हणूनच अशा गाण्याला 'मूळ पाठ' शोधत बसणं मला चुकीचं वाटतं. मी गायकांना तीन गोष्टी विचारतो: कोणाकडून शिकलात, कुठे गायलात, कोणतं कडवं गाळलंत? तिसऱ्याचं उत्तर सगळ्यात उशिरा येतं, कारण ज्या गावात राहायचं तिथल्या माणसांची नावं गाण्यात घेणं सोपं नसतं. सरकारी कागदात 'किती घरं जळाली' हा आकडा मिळतो. कोण भीत होतं आणि कोणाला, हे त्या गाळलेल्या कडव्यात कळतं.

तेव्हा एक विनंती. घरात आजोबांची गाण्यांची जुनी वही असेल तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. निदान मोबाईलवर फोटो तरी काढून ठेवा, आणि गाणारं माणूस हयात असेल तर आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा.