बोट लागायची तेव्हा

मुंबई-गोवा आगबोटीच्या आठवणी लिहिणारे डेकवरचं चांदणं, भजनं आणि खारा वारा यांवर भरभरून लिहितात. ओकाऱ्यांवर कोणी लिहीत नाही. मी देवगडचा. आमच्याकडे बोटीने मुंबईला निघायचं ठरलं की तिकिटाच्या आधी आजी विचारायची, "तुका बोट लागता काय?"

बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी भाऊच्या धक्क्यावरून सुटत आणि दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीकडे जात. स्वदेशीच्या वाऱ्यात तिच्यासमोर एक देशी कंपनी उभी राहिली. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तिच्या बोटींना नावं तुकाराम, रामदास, सेंट झेवियर अशी. पण संतांच्या आश्रयाला बसलं म्हणून पोट ढवळायचं थोडंच थांबणार?

त्याला कारण कोकणचा किनाराच. बोट चालते उत्तर-दक्षिण आणि अरबी समुद्राची लाट येते पश्चिमेकडून, म्हणजे नेमकी बरगडीवर. बोट कुशीवर डोलू लागते. कानातला तोल सांभाळणारा अवयव म्हणतो, आपण हलतोय. डोळ्यांना समोरची ट्रंक आणि वळकटी जागच्या जागी दिसते. या दोघांच्या भांडणात पोट भरडलं जातं. खालच्या डेकवर डोलणं त्यातल्या त्यात कमी, पण इंजिनाची धग, तेलाचा वास आणि सुक्या मासळीच्या टोपल्या. वर हवा मोकळी, तर झोका जास्त आणि तिकीटही महाग. गरिबाला निवड नव्हतीच.

मळमळीसाठी इंग्रजीत असलेलं ‘नॉशस’ हे विशेषण मुळात जहाजावरूनच आलं. ग्रीकांचं ‘नाउस’ म्हणजे जहाज. शुद्धतेचा आग्रह धरणारे सांगत राहिले की, मळमळ आणणारी वस्तू ‘नॉशस’, मळमळणारा माणूस ‘नॉशिएटेड’. बोलणाऱ्यांनी ते मनावर घेतलं नाही आणि आता बहुतेक जण स्वतःलाच ‘नॉशस’ म्हणवून घेतात. आमच्याकडे असा घोळ नाही. बोट लागते, दोष तिचा, आपण बिचारे.

खरी परीक्षा चढता-उतरताना. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे, ती खोल पाण्यात उभी राही. तिथवर पडावातून जायचं. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी हात धरून माणसाला बोटीत ओढून घेई. पोरं तर हातोहात फेकली जात. चालती बोट ज्याला लागत नसे असा माणूसही या खालीवर होण्याने हिरवा पडे.

उपाय घरोघरी वेगळे. लिंबू हुंगायचं, आवळकाठी चघळायची, सुंठेचा तुकडा दाढेखाली धरायचा. पोट रिकामं ठेवावं की भरलेलं यावर आमच्या घरात एकमत कधी झालं नाही. आजीचं ठाम मत होतं, "रिकाम्या पोटान बोट जास्त लागता." पुढे अव्होमिनच्या गोळ्या आल्या. त्यांनी मळमळ थांबे आणि झोपही अशी लागे की आपलं बंदर आलेलं कळू नये.

लागलेल्या माणसाला बाकीचे हसत. पण त्या हसण्याखाली भीती होती. नोव्हेंबर 1927 मध्ये जयंती आणि तुकाराम या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. 17 जुलै 1947 रोजी, गटारी अमावास्येला, रेवसला निघालेली रामदास कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर बोट जरा जास्त डोलली की आजी रामरक्षा सुरू करी, आणि तिला मळमळतंय की धास्ती वाटतेय हे कोणाला सांगता येत नसे.

सरकारने लक्ष दिलं नाही म्हणून बोट बंद पडली, असं आमच्याकडे अजून ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. रातराणी एसटी सुरू झाल्यावर लोकांनी आपणहून बोटीकडे पाठ फिरवली. कशेडी घाटात गाडीही लागायची. फरक एवढाच की एसटी थांबवून खाली उतरता येई. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बोट बंद झाली आणि 1998 पासून कोकण रेल्वेने दोन्ही भानगडी मिटवल्या.

आता भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते. जाणार असाल तर बोटीच्या मधोमध बसा, मोबाइल खिशात ठेवा, नजर क्षितिजावर असू द्या आणि निघण्यापूर्वी दोन घास खा.