चालत्या बंबाची कथा

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या जुन्या घरात सर्वांच्या आधी जागा होई तो बंब. त्याचे तांब्याचे पोट चिंच लावून लखलखीत केलेले असे. आजी त्यात घागरी रिकाम्या करी, पाणी पुरेसे आहे याची खात्री करून घेई आणि मगच मधल्या नळीत पेटते कोलीत टाकी. "आधी पाणी, मग जाळ" हा तिचा दंडक होता. एकदा कोणा उतावळ्या पाहुण्याने तो मोडला. सांधा सुटून बंब गळू लागला आणि सगळ्या घराला थंड पाण्याने अभ्यंगस्नान उरकावे लागले. आजीला मोटारीतले काडीचेही कळत नव्हते. तरीपण मोटारीच्या इतिहासातले एक सबंध प्रकरण तिच्या त्या चार शब्दांत सामावलेले आहे, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. आणि ते उमगायला आमच्या काकांचा हात भाजावा लागला.

ती १९९० सालची भाऊबीज. काकांनी नुकतीच एक जुनी मोटार घेतली होती आणि तीतून आम्ही पनवेलहून पुण्याला आत्याकडे निघालो होतो. द्रुतगती मार्ग तेव्हा नव्हता. तो पुरा झाला २००२ साली. खोपोली सोडून बोरघाट चढू लागलो आणि शिंगरोबाच्या देवळाच्या अलीकडे मोटारीच्या नाकातून वाफ निघू लागली. ओवाळणीला उशीर होणार या काळजीने काका खाली उतरले, एक फडके घेतले आणि रेडिएटरचे झाकण फिरवले. पुढचे सांगवत नाही. उकळत्या पाण्याचे कारंजे उसळले आणि काकांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत पोळून निघाला.

मागून येणारी एक मालमोटार थांबली. तिच्या चालकाने प्रथम काकांच्या हातावर गार पाण्याची धार धरली. मोटारीकडे तो कितीतरी वेळाने वळला. वरच्या रबरी नळीला, क्लिपेच्या कडेशी, बोटभर चीर गेली होती. इंजिन निवल्यावर त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी त्या चिरेवर आवळून बांधली, पाणी भरले आणि झाकण मुद्दाम सैल ठेवले. पैसे मात्र घेईना. "शिंगरोबाला नाणे टाका," एवढेच म्हणाला. आगगाडीसाठी घाटातली वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर म्हणून शिंगरोबाची आख्यायिका आहे, हे वाचकांना ठाऊक असेलच. आम्ही नाणे टाकले. त्या संध्याकाळी आत्याने ओवाळले ते काकांच्या पांढऱ्या पट्टीतल्या हाताकडे बघत, आणि तिचे डोळे सारखे भरून येत होते.

झाकण सैल का ठेवले? बोटभर नळीने एवढा अनर्थ का केला? हे प्रश्न माझ्या मनात राहून गेले. त्यांची उत्तरे शोधता शोधता मी थेट जर्मनीत, शतकाहून अधिक मागे जाऊन पोहोचलो.

कार्ल बेंझ याने आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट २९ जानेवारी १८८६ रोजी मागितले. तिच्या इंजिनात जो स्फोट होई त्याची उष्णता लोखंड वितळवील एवढी होती. म्हणून नळकांड्याभोवती दुसरे आवरण घालून मधे पाणी खेळवले होते. आमच्या बंबासारखेच: आत जाळ, भोवती पाणी. फरक एवढाच की बंबाला ते पाणी तापवायचे असते, आणि मोटारीला त्या पाण्याकरवी जाळ आवरायचा असतो. बेंझच्या मोटारीत पाणी उकळे, वाफ होऊन उडून जाई आणि जाताना उष्णता घेऊन जाई. गेलेले पाणी मात्र परत येत नसे. ते पुन्हा पुन्हा भरावे लागे.

या पाणी भरण्याची खरी कसोटी लागली ऑगस्ट १८८८ मध्ये, आणि ती घेतली बेंझच्या बायकोने. बर्था बेंझ एका पहाटे नवऱ्याला न सांगता, ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन, मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला निघाली. फोर्ट्‌सहाइम हे तिचे माहेर. शंभराहून थोडे अधिक किलोमीटरचा हा प्रवास मोटारीचा पहिला लांब पल्ल्याचा प्रवास मानला जातो. बाई माहेरी निघाली म्हणजे वाटेतल्या अडचणींना जुमानत नाही, हे आपल्याकडेही खरेच आहे! इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. तारेचे आवरण झिजले तिथे मोज्याचा बंद गुंडाळला. ब्रेकला चांभाराकडून चामडे ठोकून घेतले. वीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतले. चढावर मुलांनी मोटार ढकलली. आणि पाणी? ते तर जिथे मिळेल तिथे, ओढ्यावर, विहिरीवर, खाणावळीत, थांबून थांबून भरले. मोटार घरच्या माणसाने, हाताशी असेल त्या वस्तूने दुरुस्त करण्याची परंपरा मोटारीइतकीच जुनी आहे आणि ती एका गृहिणीने घातली, याचे मला फार कौतुक वाटते.

परंतु दर काही कोसांवर पाणी मागणारे वाहन म्हणजे घोड्याहूनही लाडावलेले जनावर. गेलेले पाणी परत आणायचे कसे, हा खरा पेच होता. तो सोडवला विल्हेल्म मायबाख याने. हा १८४६ साली जन्मलेला सुताराचा मुलगा दहाव्या वर्षी पोरका झाला आणि रॉयटलिंगेन येथील एका अनाथाश्रमात वाढला. तिथेच पुढे गॉटलीप डाइमलरने त्याची बुद्धी हेरली. मायबाखने विचार केला की पाणी उकळून दवडण्याऐवजी ते वाऱ्याला दाखवून निववावे आणि पुन्हा कामाला लावावे. १८९७ साली त्याने बारीक नळ्यांचा रेडिएटर केला. पुढे १९०० साली डाइमलरच्या कारखान्यात नवी ३५ अश्वशक्तीची मोटार तयार झाली, तिच्या तोंडाशी त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. सहा मिलिमीटर रुंदीच्या ८०७० चौकोनी नळ्या एकमेकींना डाख देऊन जोडलेल्या. नळ्यांतून वारा वाहणार आणि त्यांच्यामधल्या अरुंद फटींतून पाणी झिरपणार. मागे पंखा होताच. थोड्या पाण्याला वाऱ्याचा पुष्कळ स्पर्श, एवढीच त्यातली युक्ती. एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या आग्रहावरून ही मोटार जन्मली आणि त्याच्या मुलीचे नाव तिला मिळाले: मर्सिडीस. मार्च १९०१ मध्ये नीस येथील शर्यतींत तिने सर्वांना मागे टाकले. आज रस्त्यावरच्या पेट्रोलच्या मोटारींच्या नाकाशी जी जाळी दिसते, तिची ही आजी.

श्रीमंतांची ही सोय सामान्यांच्या दारी आणली हेन्री फोर्डने. १९०८ साली निघालेली त्याची 'मॉडेल टी' १९२७ पर्यंत दीड कोटींहून अधिक तयार झाली. तिच्या सुरुवातीच्या काही मोटारी सोडल्या तर पाणी फिरवायला पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि गार पाणी जड होऊन खाली बसते, हे आपण चुलीवरच्या पातेल्यात रोज पाहतो. फोर्डने तेच वापरले. इंजिनातले तापलेले पाणी वरच्या नळीने रेडिएटरच्या माथ्यावर जाई, निवत निवत खाली उतरे आणि खालच्या नळीने पुन्हा इंजिनात शिरे. पुढे इंजिने जोरकस झाली तसा हा संथ कारभार पुरेना आणि पंप कायमचा आला. इंजिन पुरेसे तापेपर्यंत पाण्याची वाट अडवून धरणारा द्वारपाल आला, तो थर्मोस्टॅट. नुसत्या पाण्याने गंज चढतो आणि थंड देशांत ते गोठते, म्हणून त्यात ग्लायकॉल मिसळले जाऊ लागले. आपण त्याला कूलंट म्हणतो.

आणि आले ते दाब धरणारे झाकण, ज्याने आमच्या काकांना भाजले. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळते. खंडाळ्याला सुमारे ९८ वर, आणि महाबळेश्वरी ९५-९६ वरच. म्हणजे घाट चढताना इंजिन सर्वांत जास्त कष्ट करते, वेग कमी म्हणून वारा कमी मिळतो, आणि पाणी मात्र लवकर उकळायला बघते. यावर तोड म्हणून झाकणाला स्प्रिंग लावली. आत दाब कोंडला की पाणी ११५-१२० अंशांपर्यंत न उकळता तग धरते. आपला प्रेशर कुकर तो हाच. पण तापलेले झाकण उघडले की दाब एकाएकी नाहीसा होतो आणि आतले पाणी क्षणार्धात वाफ होऊन बाहेर झेपावते. काकांवर झेपावले ते हे. आणि त्या भल्या चालकाने झाकण सैल ठेवले ते अशासाठी, की बांधलेल्या पट्टीवर दाबाचा भार पडू नये.

आता उरली ती नळी. या साऱ्या इतिहासात तिला कोणी विचारत नाही. इंजिन अखंड थरथरते आणि रेडिएटर तर सांगाड्याला पक्का बांधलेला. या दोघांमध्ये लोखंडी नळी टाकली तर ती लवकरच तडकेल. इथे हवे काहीतरी लवचिक, आणि तरी उकळत्या पाण्याला न विरघळणारे. कच्चे रबर उन्हात चिकट होते, थंडीत कडक होते. चार्ल्स गुडइयरला १८३९ साली गंधक घालून रबर तापवण्याची युक्ती सापडली नसती, तर मायबाखची ती हजारो नळ्यांची जाळी इंजिनाला जोडायची कशाने, हा प्रश्नच होता. ज्याने थरथरणाऱ्याशी आणि स्थिराशी दोघांशी जमवून घ्यावे, तोच सर्वांआधी झिजतो. घरोघरीही असेच असते.

ही नळी बदलणे घरी जमण्यासारखे आहे, आणि गेल्या वर्षी दिवाळीपूर्वी मी ते अंगणात केले. इंजिन पूर्ण गार असताना, किल्ली काढून, नळी हाताने दाबून पाहावी. फार मऊ पडली असेल, क्लिपेजवळ फुगली असेल किंवा दाबताच बारीक चिरा दिसत असतील, तर तिचे दिवस भरले. खाली परात ठेवून कूलंट काढून घ्यावे. ते चवीला गोड पण विषारी असते. मुले आणि कुत्रीमांजरे त्याच्यापासून दूर ठेवावीत, आणि ते गटारात ओतू नये. क्लिपा ढिल्या कराव्यात. जुनी नळी चिकटली असेल तर हिसके देऊ नयेत, रेडिएटरचे तोंड मोडते. चाकूने नळी उभी चिरून सोलावी. तोंड बारीक पॉलिश पेपरने साफ करावे. नवी नळी त्याच आकाराची, त्याच वळणाची घ्यावी आणि दोन्ही क्लिपा आधी तिच्यावर चढवाव्यात. ती सरकण्यासाठी पाण्याचा ओला हात पुरतो. तेल किंवा ग्रीस लावू नये, रबर सडते. तोंडावर जो उंचवटा असतो त्याच्या पलीकडे क्लिप बसवून आवळावी, पण रबर कापेल इतकी नव्हे. मग कूलंट भरून, झाकण उघडे ठेवून, गार इंजिन सुरू करावे. आतली हवा बुडबुड्यांनी निघते आणि थर्मोस्टॅट उघडला की पातळी खाली जाते. तेवढी भर घालून झाकण लावावे. पंखा केव्हाही फिरू लागतो, तेव्हा हात दूर. एवढे करूनही गाडी तापतच असेल, तर हट्ट सोडून मिस्त्री गाठावा.

मी हे सारे करत होतो तेव्हा काका ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांचे वय झाले आहे, पण उजव्या हातावरचा तो फिकट डाग अजून आहे. फेरफटका मारून मी परत आलो आणि नळी गळते का हे पाहण्याच्या उत्साहात बॉनेट उघडले. पातळी बघावी म्हणून हात झाकणाकडे गेला. ओट्यावरून आवाज आला:

"थांब रे. निवू दे आधी."

मी हात मागे घेतला. आम्ही दोघे चहा प्यायलो, मुलीने आणलेल्या चकल्या खाल्ल्या, आणि आजीच्या त्या बंबाची गोष्ट काकांनी पुन्हा एकदा, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी, सांगितली. ती संपेपर्यंत इंजिन निवले होते. नळी कोरडी होती.