पुराव्याला एक स्टील गिटार

जून १९७७. हॉलिवूडमधल्या साउंड लॅब्स स्टुडिओचं जड दार तुम्ही खांद्याने ढकलता. बाहेर लॉस एंजेलिसचं रणरणतं ऊन, आत गारवा आणि काळोख. तुम्ही कोण, कुठून आलात, कुणी विचारत नाही. काचेपलीकडे अशी बाई उभी असताना तुमच्याकडे बघणार कोण? डोंगराएवढा सोनेरी विग, उंच टाचा, लांब नखं. तीन वर्षांनी हीच नखं टाइपरायटरसारखी वाजवत ती ‘नाइन टू फाइव्ह’ हे गाणं रचणार आहे. तुम्हाला ठाऊक आहे, तिला नाही. गप्प बसा.

डॉली पार्टन ३१ वर्षांची आहे. टेनेसीच्या डोंगरात वाढलेली, १२ भावंडांतली चौथी. पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमात ७ वर्षं काढून १९७४ मध्ये ती बाहेर पडली. कंट्री संगीतात तिचं नाव केव्हाच मोठं झालंय, पण त्या कुंपणापलीकडे तिच्या रेकॉर्डना फारसं गिऱ्हाईक नाही. म्हणून आता मॅनेजर नवा, शहर नवं आणि निर्माता गॅरी क्लाइन, पॉपच्या बाजारातला. आपण कंट्री सोडत नाही, बरोबर घेऊन चाललोय, असं ती सांगते. कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमधल्या सगळ्यांना ते पटतंच असं नाही.

हेडफोन कानाला लावा. ‘हिअर यू कम अगेन’. सुरुवातीलाच पियानोचा तो टवटवीत तुकडा, मागे घोटून बसवलेला ताल. गाणं मध्येच अर्ध्या स्वराने वर चढतं, थोड्या वेळाने पुन्हा चढतं, आणि डॉली दम न लागता त्याच्याबरोबर चढत जाते. ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ लिहिणारी ही बाई. पण हे गाणं तिचं नाही. बॅरी मान आणि सिंथिया वाइल या पॉपमधल्या मुरलेल्या जोडप्याचं आहे. याच नावाच्या अल्बममधल्या १० गाण्यांपैकी तिची स्वतःची फक्त ४.

गाणं चालणार हे स्टुडिओतल्या कुणालाही कळेल. अडचण डॉलीचीच आहे: तिला ते फारच गुळगुळीत वाटतंय. ती क्लाइनच्या मागे लागते, यात स्टील गिटार घाल. कुणी म्हणालं हे कंट्री नाही, तर बोट दाखवायला काहीतरी हवं!

मग अल पर्किन्सची पेडल स्टील येते. पायांवर उभी केलेली आडवी गिटार. तारांवर धातूची कांडी फिरते, पाय पेडलवर, आणि सूर मींड घेत सरकतो. आकाशवाणीवर हवाईयन गिटार ऐकलेल्यांना हा आवाज परका वाटणार नाही. गाण्यात ती आहे मोजकीच. संगीत म्हणून ती नसती तरी भागलं असतं, असं मला वाटतं. पण डॉलीने तो आधीच नेमून ठेवलेला वकील होता.

आता परत या. गाणं ५ आठवडे कंट्रीच्या यादीत पहिलं राहिलं आणि पॉपच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. आणि ते ज्यात होतं तो अल्बम, १० लाख प्रती खपलेला डॉलीचा पहिला. त्यासाठी तिला १९७९ मध्ये ग्रॅमी मिळालं, तेही कंट्री गायिकेच्या विभागात.