मनाच्या दुखण्याची वाट : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतील मानसोपचाराचा इतिहास कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गाला बांधलेला आहे. रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला आणि १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचली. त्यानंतर जवळजवळ शतकभर या पट्ट्यातील मनोरुग्णाला डॉक्टर गाठायचा, तर गाडीने ठाणे किंवा मुंबई गाठावी लागे. मदत दूर होती म्हणून बहुतेकांना ती मिळाली नाही. ज्यांना मिळाली, त्यांच्यातल्या अनेकांना मात्र हे अंतर सोयीचेही वाटले, कारण परगावच्या दवाखान्यात ओळखीचे कोणी भेटत नसे.

रेल्वेच्या आधी, आणि नंतरही कितीतरी वर्षे, पहिला आधार देवाधर्माचा होता. बदलापूरच्या आसपासच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांत आजार अंगाचा असो की मनाचा, आधी भगताला बोलावणे जाई. अंबरनाथ-कल्याणच्या दक्षिणेला मलंगगडावर हाजी मलंगचा दर्गा आहे. त्याच्या व्यवस्थेत कल्याणचे ब्राह्मण केतकर घराणे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि माघी पौर्णिमेच्या उरुसाला हिंदू-मुसलमान दोघेही गड चढतात. झोप उडालेली, एकटेच बोलणारी, अंगात येणारी माणसे ‘बाहेरची बाधा’ म्हणून अशा ठिकाणी आणली जात. तेथे रुग्णाला गर्दीत जागा मिळे, त्याच्या ओरडण्याचे कोणाला नवल वाटत नसे, आणि दोष त्याच्यावर न येता बाधेवर जाई. हा दिलासा खोटा नव्हता. मात्र स्किझोफ्रेनियासारख्या आजारात उपचारावाचून गेलेले प्रत्येक वर्ष रुग्णाला महाग पडते, आणि मारझोड किंवा साखळदंड हेच उपाय ठरले की दिलाशाची जागा छळ घेतो.

सरकारी व्यवस्था सुरुवातीला उपचारापेक्षा बंदोबस्ताची होती. मुंबई इलाख्यातील जुने वेड्यांचे इस्पितळ कुलाब्याला होते. तेथे गर्दी वाढत गेली आणि १९०१ मध्ये नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ठाण्याचे इस्पितळ उभे राहिले. आज ते प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून ओळखले जाते. येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी यांच्यासह ते राज्याच्या चार जुन्या मनोरुग्णालयांपैकी एक आहे. कल्याणपलीकडच्या लोकांसाठी हेच सर्वांत जवळचे दार होते. पण त्यातून आत जाण्याचा रस्ता कचेरीतून जाई. १९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्याप्रमाणे रुग्णाला दाखल करायला बहुधा न्यायदंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे. आजारी माणसाला पोलीस आणि न्यायालयाच्या साक्षीने नेले जाई, आणि मग घरच्यांना तोंड लपवण्याची पाळी येई. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा टोमणा जिल्ह्यात रूढ झाला तो या काळाच्या आठवणीतून. रुग्णालयाने पुढे कितीही सुधारणा केल्या, तरी हा टोमणा त्याच्या दारात उभाच राहिला.

या पट्ट्यावर मनाचा सर्वांत मोठा आघात फाळणीने आणला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. १९४७ नंतर, विशेषतः जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर, सिंधमधून जहाजाने आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत जागा देण्यात आली. त्यांची संख्या सुमारे एक लाखापर्यंत गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले. पुनर्वसनाच्या योजनांत शिधा, निवारा, कर्ज आणि धंदा यांचा विचार होता. घर, गाव आणि नातेवाईक एकाच वर्षात गमावलेल्या माणसाचे मन हा त्यांचा विषय नव्हता.

सिंधमध्ये हैदराबादजवळ सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभे राहिलेले मनोरुग्णालय होते; ते आता सीमेपलीकडे गेले. १९५० मध्ये लाहोर आणि अमृतसर यांच्या दरम्यान मनोरुग्णांची धर्मानुसार अदलाबदल झाली. सआदत हसन मंटोच्या ‘टोबा टेकसिंह’ या कथेमुळे ती घटना जगाच्या लक्षात राहिली. जे रुग्णालयात नव्हते, पण बराकीत रात्र जागून काढत होते, त्यांची नोंद कोणी ठेवली नाही. भारतीय मनोविकारतज्ज्ञांची संघटना १९४७ मध्येच स्थापन झाली होती, तरी फाळणीच्या मानसिक परिणामांचा सविस्तर अभ्यास व्हायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला. उल्हासनगरने आपले दुःख सिंधींचे इष्टदैवत झुलेलाल याच्या मंदिरांत, दरबारांतील सत्संगात आणि सकाळी लवकर उघडणाऱ्या दुकानांत सावरले. काम हेच औषध मानणाऱ्या त्या पिढीचे कर्तृत्व थोर आहे. तिचे न बोललेले दुखणे मात्र नाकारता येत नाही. ते केवळ मोजले गेले नाही.

अंबरनाथची गोष्ट कारखान्यांची आहे. विम्को ही आगपेट्यांची कंपनी १९२० च्या दशकात तेथे आली. पुढे आयुध निर्माणी आणि रासायनिक कारखाने आले. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कामगाराला दवाखाना आणि आजारपणातील पगाराचा भाग मिळू लागला. विस्तारित आजारलाभाच्या दीर्घ आजारांच्या यादीत मनोविकारांचाही समावेश झाला. मनाचा आजार हे रजेचे आणि भरपाईचे कारण असू शकते, हे कामगाराच्या घरात यामुळे कागदोपत्री तरी आले. त्याचा लाभ घ्यायला आजाराचे नाव सांगावे लागे, आणि तेथेच अनेकांचे पाऊल अडे.

औषधे १९५० च्या दशकात बदलली. क्लोरप्रोमाझीन या औषधामुळे कायम कोंडून ठेवलेले अनेक रुग्ण घरी राहू शकतील असे झाले. मुंबईत जे. जे. रुग्णालयात १९३८ पासूनच मानसोपचार विभाग होता. अशा विभागांमुळे मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे दाखल होणे नव्हे, ही समजूत हळूहळू रुजली. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ मध्ये जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. मोठ्या रुग्णालयाबाहेर, जिल्हा व तालुका पातळीवर ही सेवा पोहोचवणे हा त्यांचा उद्देश होता.

सामान्य घरांचा दृष्टिकोन बदलण्यात ठाण्याच्याच एका संस्थेचा मोठा वाटा आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी २३ मार्च १९९० रोजी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ स्थापन केली. परीक्षेची भीती, नवरा-बायकोतला ताण, व्यसन, आईवडिलांची काळजी हेही समुपदेशनाचे विषय आहेत, हे तिने व्याख्याने आणि लेखनातून मराठी मध्यमवर्गापर्यंत नेले. नव्वदच्या दशकापासून मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे बदलापूरला येत गेली आणि नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत सुमारे ९८ हजारांवरून पावणेदोन लाखांच्या घरात पोहोचली. रोजचा लांबचा लोकल प्रवास, घराचे हप्ते आणि दिवसभर एकटी राहणारी मुले यांतून आलेल्या ताणाला वेडेपणा म्हणता येणार नव्हते. त्याला वेगळे शब्द आणि वेगळी माणसे हवी होती.

याच मार्गाच्या शेवटी, कर्जतला, डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे केंद्र आहे. रस्त्यावर आणि फलाटांवर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांचे घर शोधून देण्याच्या या कामासाठी वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. स्थानकावरच्या ज्या माणसाला प्रवासी वळसा घालून जातात, तो कोणाचा तरी हरवलेला भाऊ असतो, हे या कामाने दाखवून दिले.

कायद्यातले मोठे बदल उशिरा झाले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मरण पावले, तेव्हा देश हादरला. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा गुन्हा ठरवला. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ उपक्रमाने प्रार्थनेला हात न लावता शेजारीच डॉक्टर बसवला. मलंगगडासारख्या ठिकाणांना हा नमुना अधिक जवळचा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने उपचार हा हक्क मानला, साखळीला बंदी घातली, विम्यात शारीरिक आणि मानसिक आजार समान ठरवले, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न धरता तीव्र तणावाखाली असल्याचे मानले. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते. गाडी न पकडता मिळणारी ही मदत आहे. औषधाची किंवा दाखल करण्याची गरज असेल, तर तेथून पुढचा पत्ता मिळतो.