सही कुणाची?

मैत्रिणींनो, आपल्या पनवेलवरून मुंबई-पुण्याचा रस्ता जातो. अपघातातली बाई दवाखान्यात आणली की लगेच विचारतात, सही कोण करणार? त्या सहीमागे मोठा इतिहास आहे.

१८९७ साली याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, पुण्यात, प्लेगची साथ होती. रँडसाहेबाच्या हुकमाने गोरे सोजीर घरांत शिरत, बायकांनाही तपासत, संशय आला की इस्पितळात नेत. मर्जी कुणी विचारत नसे. मग लोक आजारी माणसे लपवू लागले. बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध पंडिता रमाबाईंनी वृत्तपत्रात लिहिले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात रुग्ण नेत होत्या. १० मार्च १८९७ रोजी त्याही प्लेगने गेल्या. आजार तोच, पण एकीकडे धाक होता, दुसरीकडे माया.

पुढे दिल्लीत एका बाईला तपासणीसाठी भूल दिली असताना, आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढले गेले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जिवाला तातडीचा धोका नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते. सज्ञान बाईची संमती तिचीच. जीव वाचवायला क्षणाचाही उशीर चालणार नसेल, तेव्हा मात्र डॉक्टर संमतीसाठी थांबत नाहीत.

म्हणून कागद पुढे आला की आपण विचारू या: काय करणार, कशासाठी, दुसरा उपाय आहे का? आणि ‘नको’ म्हणायचे असेल, तर त्यातला धोकाही आधी समजून घेऊ या.